पत आणि ऐपत

पत आणि ऐपत हे मराठीतील दोन शब्द कानाला एकमेकांच्या जवळचे वाटतात. पण त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. ऐपत म्हणजे माणसाजवळ जे आहे ते: त्याचे वेतन, त्याची शेतीवाडी, त्याची शिल्लक. पत म्हणजे त्याच्या शब्दावर दुसऱ्याने ठेवलेला भरवसा. ऐपत असूनही पत नसलेली माणसे प्रत्येक गावात असतात आणि वाणी त्यांना पुरते ओळखून असतो. उलट, तुटपुंज्या मिळकतीच्या एखाद्या शिक्षकाच्या घरी महिनाभर किराणा माल निमूटपणे जातो. कारण पगार झाला की हा गृहस्थ आठवण न करता पैसे आणून देणार, हे दुकानदाराला ठाऊक असते.

ज्या क्रेडिट कार्डाविषयी आज बोलावयाचे आहे, ते या दोन शब्दांच्या सीमेवर उभे आहे. कार्ड देताना बँक मुख्यतः ऐपत पाहते. वेतनाचा दाखला आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे मागते. परंतु एकदा कार्ड हाती आले की पुढे जे नोंदले जाते, ते सारे पत या सदरात मोडते. कार्ड हे केवळ खर्चाचे साधन आहे, ते कपाटात पडून राहिले तरी बिघडत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः कार्डामागे एक खाते असते, आणि त्याची नोंद आपल्या नकळत होत असते. ते खाते उघडे कसे ठेवावे, निर्दोष कसे ठेवावे, आणि मिटवायचेच झाले तर रीतसर कसे मिटवावे, इतकाच या भाषणाचा विषय आहे.

आपल्या नावावर वहीत काय लिहिले आहे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर. हाती लागतील ते रोखे आणि कागद त्यांनी जाळले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत पसरले. कर्जाचा बोजा आणि कापसाचे कोसळलेले भाव ही त्यामागची मोठी कारणे होतीच. परंतु आपण किती फेडले आणि किती उरले, हे निरक्षर ऋणकोला समजण्याचा मार्ग नव्हता, ही सलही त्यात होती. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात ऋणकोला भरलेल्या पैशाची लेखी पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क देण्यात आला. आपले खाते आपल्याला दिसले पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे असे पुष्कळ किंमत देऊन आलेले आहे.

आजची वही सावकाराच्या गादीवर नसते. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबाने आपल्या सभासदांसाठी कार्ड काढले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात घरोघरी कार्डे पाठवून मोठा प्रयोग केला. आणि आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने कार्ड आणले. प्रथम प्रत्येक बँकेची वही तिच्यापुरतीच असे. एका बँकेत थकबाकी ठेवून दुसऱ्या बँकेत नव्याने कर्ज मागणे तेव्हा शक्य होते. २००० साली सिबिल या नावाने ओळखली जाणारी पतमाहिती संस्था स्थापन झाली, २००५ साली अशा संस्थांच्या नियमनासाठी संसदेने कायदा केला, आणि आज देशात अशा चार संस्था काम करतात. प्रत्येक बँक आपल्या ऋणकोंची माहिती त्यांच्याकडे पाठवते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्यास, किंवा त्याहूनही लवकर, पाठवण्याचा नियम लागू झाला.

बदलीच्या नोकरीत असणाऱ्या आमच्यासारख्यांना या व्यवस्थेचे महत्त्व विशेष जाणवते. पुण्याच्या पेठेतील दुकानदार ज्याला तीन पिढ्या ओळखतो, तो मनुष्य इंदूर, हैदराबाद किंवा कोलकाता येथे बदलून गेला की परका होतो. पूर्वी त्याची पत गावच्या वेशीपाशी थांबत असे. आता ती त्याच्याबरोबर प्रवास करते. आणि ओघानेच, त्याने केलेली हयगयही त्याच्याबरोबर प्रवास करते.

या वहीत काय असते? आपली प्रत्येक कर्जखाती आणि कार्डखाती केव्हा उघडली, मर्यादा किती, देणे किती, आणि महिन्यामागून महिने हप्ता किंवा बिल वेळेवर भरले की किती दिवस उशिरा, याची नोंद असते. सिबिलच्या अहवालात अशी मासिक नोंद ३६ महिन्यांपर्यंतची दिसते. या साऱ्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक गुणांक काढतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, आपले वेतन किती आणि बँकेत शिल्लक किती, हे या गुणांकात धरलेच जात नाही. लाखोंची मिळकत असलेला बेफिकीर गृहस्थ येथे मागे पडतो, आणि शिस्तीचा कारकून पुढे जातो. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर, तो गुणांक ऐपत मोजत नाही, पत मोजतो.

आता खात्याचे चलनवलन पाहू. समजा, एखाद्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या १० तारखेस निघते आणि ते ३० तारखेपर्यंत भरावयाचे असते. १२ एप्रिलला कोणी ३०,००० रुपयांचे शीतकपाट घेतले. ती रक्कम १० मेच्या बिलात येईल आणि ३० मेपर्यंत भरावी लागेल. म्हणजे ४८ दिवस बँकेचा पैसा बिनव्याजी वापरता आला. संपूर्ण रक्कम भरली, तर या सोयीसाठी एक पैसाही पडत नाही.

परंतु बिलावर दोन आकडे छापलेले असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,५०० रुपये आहे असे धरू. घरात लग्नकार्य असते, हात आखडलेला असतो, आणि 'किमान भरले म्हणजे झाले' असे म्हणून आपले हे गृहस्थ १,५०० रुपये भरतात. आता हिशेब करा. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज असेल, तर ते व्याज ३० मेपासून सुरू होत नाही. ते खरेदीच्या दिवसापासून, १२ एप्रिलपासून, लागते. ३०,००० रुपयांवर ४८ दिवसांचे सुमारे १,६५७ रुपये, आणि उरलेल्या २८,५०० रुपयांवर १० जूनपर्यंतच्या ११ दिवसांचे सुमारे ३६१ रुपये. या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, सुमारे ३६३ रुपये. १० जूनच्या बिलात देणे निघते सुमारे ३०,८८१ रुपये. दीड हजार भरूनही कर्ज पहिल्याहून मोठे झाले! शिवाय मागील बाकी शिल्लक असेपर्यंत बिनव्याजी मुदतीची सवलत स्थगित होते. नंतर घेतलेल्या भाजी-औषधांवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते.

तेव्हा किमान रक्कम म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. तेवढी भरली की खाते थकबाकीत जात नाही, पतमाहितीत डाग पडत नाही, हे खरे. पण ती अडचणीच्या वेळी धरावयाची काठी आहे. रोज तिच्या आधाराने चालू लागल्यास पाय दुबळे होतात. किमान रक्कमही देय तारखेपासून नव्वद दिवसांत पूर्ण भरली नाही, तर ते खाते अनुत्पादक मालमत्तेत जमा होते, आणि ती नोंद पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवी येते. व्याजाचा दर तीस टक्क्यांहून अधिक असू नये, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता; तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरवला. म्हणून व्याजापासून बचाव न्यायालयात शोधण्यापेक्षा देय तारखेला संपूर्ण बिल भरण्यातच शोधावा, हे शहाणपणाचे.

वेळेवर भरण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बचत खात्यातून संपूर्ण रकमेची आपोआप वजावट होईल अशी लेखी सूचना बँकेस देणे, आणि त्या दिवशी खात्यात तेवढी शिल्लक आहे हे पाहणे. काही कारणाने दिवस चुकलाच, तर हातपाय गाळू नयेत. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याखेरीज बँकेने खाते थकीत म्हणून कळवू नये व विलंबशुल्क लावू नये, असा नियम आहे. मात्र तीन दिवस उलटले की उशिराचे दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. बिल निघण्याची तारीख आपल्या पगाराच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या दिवसाशी जुळत नसेल, तर ती बदलून मागण्याची सोयही आहे. तिचा लाभ फार थोडे लोक घेतात.

वेळेच्या खालोखाल महत्त्व आहे प्रमाणाला. एखाद्याजवळ प्रत्येकी एक लाख रुपये मर्यादेची दोन कार्डे आहेत आणि दोहोंवर मिळून ५०,००० रुपयांचे देणे आहे. म्हणजे त्याने आपल्या मर्यादेचा चौथा हिस्सा वापरला. एक कार्ड वापरात नाही म्हणून त्याने ते बंद केले, की देणे तेवढेच राहून प्रमाण एकदम निम्म्यावर जाते. पैसा अधिक खर्च झाला नाही. तरी वहीवरून पाहणाऱ्याला तो अधिक ओढग्रस्त दिसू लागतो. वापर मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. जुने खाते उघडे ठेवावे असे जाणकार सांगतात ते याचसाठी. शिवाय दीर्घकाळ नीट चाललेले खाते हा आपल्या सचोटीचा जुना साक्षीदार असतो.

पण खाते उघडे ठेवणे म्हणजे ते विसरणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, एखादे कार्ड एक वर्षाहून अधिक काळ वापरले गेले नाही, तर बँकेने कार्डधारकास कळवून ते बंद करण्याची कार्यवाही सुरू करावयाची असते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर देणे नसल्यास खाते बंद होते. हा नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. परंतु ज्याला ते खाते राखावयाचे आहे, त्याने वर्षातून दोन-चार वेळा तरी त्या कार्डावर एखादे विजेचे बिल, एखादे रेल्वेचे तिकीट घ्यावे आणि देय तारखेला ते फेडून मोकळे व्हावे. बंद विहिरीचे पाणी जसे मधूनमधून उपसावे लागते, तसेच हे आहे.

विस्मरणाचा दुसरा धोका अधिक खोल आहे. कल्पना करा, नागपूरहून निवृत्त होऊन एक गृहस्थ मुलाकडे पुण्यास राहावयास आले. कार्ड कपाटात होते. ते आपण वापरत नाही, म्हणून त्याचा विचार करण्याचे त्यांना कारण वाटले नाही. दूरध्वनीचा क्रमांक बदलला होता. पत्ता नागपूरचाच राहिला होता. कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये, करासह ५९० रुपये, बिलात आले. ते बिल जुन्या पत्त्यावर गेले. सूचना जुन्या क्रमांकावर गेल्या. महिन्यामागून महिने विलंबशुल्क आणि व्याज चढत गेले, आणि एक पैशाचीही खरेदी न केलेला हा सचोटीचा मनुष्य वहीत थकबाकीदार ठरला. मुलाच्या गृहकर्जात सहऋणको म्हणून सही करावयाची वेळ येईपर्यंत त्यांना याचा पत्ताही लागणार नाही. यास्तव बदली, निवृत्ती किंवा स्थलांतर झाले की शिधापत्रिका आणि गॅसच्या जोडणीबरोबर कार्डाच्या बँकेसही नवा पत्ता व नवा क्रमांक कळवावा. त्यावर शुल्क किती आणि केव्हा माफ होते, हेही एकदा वाचून ठेवावे.

मग सर्वच कार्डे जपावीत काय? मुळीच नाही. ज्याचे वार्षिक शुल्क त्याच्या उपयोगाहून जड आहे, किंवा जे हाती असले की खर्चाचा मोह आवरत नाही, ते कार्ड बंद करणेच बरे. गुणांकासाठी घर बुडवू नये. गुणांक थोडा उतरला तरी नियमित परतफेडीने पुन्हा चढतो. मोहाने केलेले कर्ज मात्र सहज उतरत नाही. बंद करताना शक्य तर नवे कार्ड आधी सोडावे आणि जुने राखावे. कार्ड कात्रीने कापले म्हणजे खाते मिटत नाही, हेही सांगितले पाहिजे. संपूर्ण देणे फेडावे, त्या कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटी दुसरीकडे वळवाव्यात, आणि मग बँकेकडे तशी मागणी करावी. देणे शिल्लक नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. त्याहून उशीर झाल्यास दर दिवशी ५०० रुपयांप्रमाणे ग्राहकास भरपाई द्यावी लागते. खाते बंद झाल्याचे लेखी उत्तर मात्र जपून ठेवावे.

कधी कधी आजारपण येते, नोकरी जाते, आणि बिल भरणे खरोखरच आवाक्याबाहेर जाते. अशा वेळी पुष्कळ माणसे लाजेने गप्प राहतात आणि बँकेचे दूरध्वनी टाळतात. तसे करू नये. उशीर होण्यापूर्वीच बँकेस लिहावे आणि बाकी रकमेचे हप्ते बांधून मागावेत. त्यावरील व्याज बहुधा कार्डाच्या नेहमीच्या व्याजाहून कमी असते. काही रक्कम सोडून देऊन उरलेल्यावर तडजोड करण्याचा प्रस्ताव पुढे येतो, तेव्हा मात्र थांबून विचार करावा. अशा खात्यावर 'तडजोड' असा शेरा पडतो. देणे पूर्ण फेडून बंद केलेले खाते आणि तडजोडीने मिटलेले खाते, यांत वही भेद करते. दुसरा मार्गच उरला नसेल तर तडजोड स्वीकारावी, पण तिचा अर्थ समजून स्वीकारावी.

येथवर आपण आपल्या कर्तव्यांचा विचार केला. आता हक्कांचा. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला जे पासबुक दिले, त्याचे आजचे रूप म्हणजे पतमाहितीचा अहवाल. चारही संस्थांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. तो वर्षातून एकदा अवश्य मागवावा. दिवाळीपूर्वी घर झाडण्याचा आपला रिवाज आहे; त्याच आठवड्यात हेही काम उरकले तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. अहवालात आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता बरोबर आहे का, आपण न घेतलेले कर्ज तर दिसत नाही ना, फेडलेले खाते बंद म्हणून दाखवले आहे का, एवढे पाहावे. चूक आढळल्यास तक्रार करावी. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

एका सावधगिरीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. खाते उघडे राहावे ही आपली इच्छा ठगांनाही ठाऊक असते. "आपले कार्ड आज बंद होणार आहे, ते चालू ठेवण्यासाठी आलेला संकेतांक सांगा," असा दूरध्वनी येतो. बोलणारा आर्जवी असतो, कधी शुद्ध मराठी बोलतो, आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मराठी ऐकून आपलेपणा वाटतो. कोणतीही बँक दूरध्वनीवरून तो संकेतांक विचारीत नाही. दूरध्वनी ठेवून द्यावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी. फसवणूक झालीच, तर बँकेस तत्काळ कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर नोंद करावी. अशा प्रसंगी प्रत्येक घटका मोलाची असते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वडीलधारे सांगत आले. कार्डावर छापलेली मर्यादा पाहून अंथरूण लांबले असा भास होतो; ते लांबलेले नसते, शेजारच्याने तात्पुरती सतरंजी दिलेली असते. ती वेळेवर, झटकून, नीट घडी घालून परत केली, तर पुढच्या वेळी मागताना संकोच वाटत नाही. घरात दुखणे निघाले, मुलीला शिक्षणासाठी परगावी पाठवायचे झाले, की साठवलेला पैसा बहुधा अपुरा पडतो. त्या दिवशी उपयोगी पडते ती मागील दहा वर्षे, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, कोणी पाहत नसताना भरलेल्या लहानसहान बिलांची नोंद. ऐपत कमी-अधिक होणे पुष्कळदा दैवाधीन असते. पत मात्र ज्याची त्याने राखावयाची असते, आणि ती राखण्यास लागतो तो महिन्याचा एक दिवस आणि थोडेसे ध्यान.